कालवांची वंशावळ

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातली ग्रेट विकोमिको ही तशी लहानशीच नदी. चेसापीक उपसागराला मिळण्याआधी ती रुंदावते आणि भरती-ओहोटीच्या पाण्यात खाडीच होऊन जाते. २००२ साली या नदीतल्या एका रीफवर साडेसात लाख कालवं सोडली गेली. ती तिथली मूळची नव्हती. डेलावेअर उपसागरातल्या कालवांमधून कित्येक पिढ्या निवड करत तयार केलेला, रोगात तग धरणारा ‘डेबी’ नावाचा वाण होता तो. त्या उन्हाळ्यात नदीत पिल्लांची कमतरता नव्हती.

नुसती मोजदाद केली असती, तर प्रकल्प फळाला आला असं जाहीर करायला कोणाचीच हरकत नव्हती. पण मॅथ्यू हेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नदीभरातून १५७९ पिल्लं गोळा केली आणि त्यांचा डीएनए तपासला. डेबी वाण आणि तिथली नैसर्गिक कालवं यांच्या जनुकीय खुणा पुरेशा वेगळ्या होत्या, त्यामुळे कोणतं पिल्लू कोणाचं हे ठरवता येत होतं. दोन्ही पालक डेबी असल्याचं खात्रीने सांगता आलं असं पिल्लू निघालं एक. एक पालक डेबी आणि दुसरा स्थानिक, अशी निघाली १५३. म्हणजे शंभरात दहासुद्धा नाहीत. त्या वर्षी त्या सगळ्या टापूतच कालवांचा हंगाम चांगला साधला होता. वरून सोडलेल्या साडेसात लाखांची त्यात पडलेली भर तुटपुंजी होती. डीएनए पाहिला नसता, तर साऱ्या पिल्लांचं श्रेय बिनबोभाट प्रकल्पाच्या खात्यावर जमा झालं असतं.

प्रकल्पाला नापास ठरवण्याची घाई मात्र इथे करू नये. कालव बहुधा नर म्हणूनच वयात येतं आणि पुढे त्यांतली बरीच मादी होतात. सोडलेली कालवं कोवळी होती. पहिल्याच हंगामात त्यांच्याकडून वंशविस्ताराची फार अपेक्षा धरणं गैरच. मुद्दा निराळा आहे. पाण्यात काय सोडलं याचा हिशेब ठेवणं सोपं असतं. त्यातून काय उगवलं, आणि जे उगवलं ते त्याच्यातूनच उगवलं का, हा हिशेब पॉप्युलेशन जेनेटिक्सशिवाय, म्हणजे समष्टी-जनुकशास्त्राशिवाय, लागत नाही.

हे शास्त्र एकेका प्राण्याच्या गुणदोषांपेक्षा साऱ्या गोतावळ्याकडे पाहतं. एखाद्या जनुकाची किती रूपं या खाडीत आहेत, शेजारच्या खाडीत त्यांचं प्रमाण काय, पुढच्या पिढीत कोणतं रूप वाढलं आणि कोणतं नाहीसं झालं, प्रत्यक्षात किती जणांनी वंश पुढे नेला, असे त्याचे प्रश्न. वाघ किंवा माळढोक यांच्या संवर्धनात हे प्रश्न फार पूर्वीपासून विचारले जातात. कालवांच्या बाबतीत ते उशिरा विचारले गेले, कारण ज्या प्राण्याची एक मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी सोडते, त्याच्या जनुकीय दारिद्र्याची चिंता करावी असं कोणाच्या मनात येणं कठीणच. शिवाय डोळ्यांना काही कळत नाही. ज्या तळावर ते बसतं, ज्या दाटीत वाढतं, त्याप्रमाणे कालवाचं कवच लांबट, गोलट किंवा वेडंवाकडं होतं. एकाच आईची दोन पिल्लं दोन जागी वाढली तर दोन जातींची वाटावीत. भारतीय किनाऱ्यावर तर कोणती कालवं एका जातीची आणि कोणती वेगळ्या, याबद्दलचा जुना गोंधळही अलीकडे डीएनएनेच बराचसा सोडवला.

ओहोटीला खडकावर बसून कालवं फोडणाऱ्या बायका ज्याने कोकणात पाहिल्या आहेत, आणि कालवांचं सुकं ज्याने खाल्लं आहे, त्याला या प्राण्याची ओळख करून द्यायला नको. पण चेसापीकसारख्या उथळ, गाळाच्या पाण्यात कालवाचा अवतार वेगळा असतो. तिथे खडक नाहीत. एका कालवाच्या कवचावर दुसरं, त्यावर तिसरं, असं शेकडो वर्षं चालतं आणि चिखलात चुनखडीचे उंचवटे उभे राहतात. त्याच रीफ. त्यांच्या सांदीकोपऱ्यांत मासे, खेकडे, कोळंबी वाढतात. लाटांचा जोर तिथे मोडतो. वातावरण अनुकूल असेल तर पूर्ण वाढलेलं एक कालव दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल म्योबियस यांना श्लेस्विग-होल्श्टाइनच्या किनाऱ्यावरच्या कालवांचा अभ्यास करतानाच उमगलं की इथे एक प्राणी नव्हे, तर एकमेकांवर अवलंबून असलेल्या जिवांची वस्ती राहते. अशा वस्तीसाठी त्यांनी १८७७ साली ‘बायोसिनोसिस’ ही संकल्पना मांडली आणि परिसंस्थाशास्त्राला एक पायाचा दगड मिळाला.

या वस्त्या माणसाने खाऊन संपवल्या, आणि हे शब्दशः खरं आहे. दंताळी लावलेली जाळी तळावरून फरफटत नेली की कालवांबरोबर खालची कवचंही येतात; मग पुढच्या पिढीला बसायला जागा उरत नाही. त्यात गाळ, सांडपाणी आणि रोग यांची भर पडली. मायकल बेक आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक आढाव्यानुसार कालवांच्या ८५ टक्के रीफ नाहीशा झाल्या आहेत. चेसापीकमध्ये आज आहेत ती कालवं जुन्या काळाच्या तुलनेत अंदाजे एक टक्का.

तेव्हा ती परत आणायची. कशी? सरळ उत्तर असं की हॅचरीत बी, म्हणजे कोवळी पिल्लं, तयार करायचं आणि नेऊन सोडायचं. इथूनच गुंतागुंत सुरू होते.

कालव घर बदलत नाही, पण त्याचं बाळपण भटकं असतं. चेसापीकमधल्या जातीत नर आणि मादी पाण्यातच शुक्राणू आणि अंडी सोडतात. फलन उघड्यावर होतं. डिंभक, म्हणजे पोहती पिल्लं (लार्व्हा), दोन ते तीन आठवडे पाण्याबरोबर वाहत राहतात. कोणी उपाशी मरतात, कोणाला मासे गिळतात, कोणाला प्रवाह भलतीकडे नेतो. योग्य दिवशी, योग्य पाण्यात, योग्य प्रवाहात ज्यांची अंडी सापडली, त्यांची लाखो पिल्लं तळाला लागतात, बाकीच्यांचा निर्वंश. कॅलिफोर्नियातले जनुकशास्त्रज्ञ डेनिस हेजकॉक यांनी १९९४ साली याला ‘स्वीपस्टेक्स’, म्हणजे सोडत, असं नाव दिलं. तिकिटं सगळ्यांकडे, बक्षीस मोजक्यांना. पुढच्या पानांत हा शब्द वारंवार भेटेल, म्हणून त्याचा पुरावाही इथेच पाहून ठेवावा. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर सेत इथे नैसर्गिकरीत्या जन्मलेल्या चपट्या युरोपीय कालवांच्या एका खेपेची तपासणी हेजकॉक आणि फ्रेंच संशोधकांनी केली. ती खेप प्रत्यक्षात किती पालकांची ठरावी? अंदाज निघाला १० ते २०च्या घरातला. आजूबाजूच्या पाण्यात प्रौढ कालवं कितीतरी होती.

समष्टी-जनुकशास्त्रात डोकी मोजून निघणारी संख्या आणि वंश चालवणाऱ्यांची परिणामकारक संख्या या दोन गोष्टी वेगळ्या मानतात. माणसांत किंवा हत्तींत या दोन आकड्यांतलं अंतर एवढं अफाट नसतं. कालवांत दुसरा आकडा पहिल्याच्या हजाराव्या भागाहूनही लहान असू शकतो. निसर्गात याची झळ कमी लागते, कारण दर वर्षीचे विजेते वेगळे असतात आणि एकाच रीफवर अनेक वर्षांच्या पिढ्या एकत्र नांदतात. हॅचरीत सोडत निघते ती एकदाच, आणि ती माणूस काढतो.

हॅचरीत काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. प्रौढ कालवं उथळ, लांबट टाक्यांत मांडतात आणि पाणी हळूहळू तापवतात. तासाभरात एखाद्या कवचाच्या फटीतून दुधासारखी बारीक धार निघते, तो नर. शेजारचं एखादं कालव मधूनच कवच आपटतं आणि पाण्यात पांढुरका ढग उठतो, ती मादी. काम करणारे त्यांना चटकन उचलून वेगवेगळ्या भांड्यांत ठेवतात. चाळीस कालवं मांडली म्हणून चाळीसही मोकळी होतात असं नाही. काही दिवसभर ढिम्म बसतात. मग अंडी एकत्र, त्यात नरांचा द्रव. सगळ्यांचा द्रव एकदम ओतला तर सगळ्यांना सारखी संधी मिळेल असं वाटतं, पण पिएर बूद्री आणि सहकाऱ्यांनी पॅसिफिक कालवांवर केलेल्या प्रयोगांत उलटं दिसलं: शुक्राणूंत चढाओढ लागते आणि एखाद-दुसरा नर बाकीच्यांना मागे टाकून बहुतेक अंडी पटकावतो. पुढे दर दोन-चार दिवसांनी डिंभक चाळणीतून गाळतात. वाढीला मंद असलेले बारीक डिंभक खाली पडतात आणि बऱ्याच ठिकाणी ते फेकून दिले जातात. व्यापारी शेतीसाठी हे शहाणपणाचंच आहे. पण चाळणीतून पडलेल्यांबरोबर काही कुळंच्या कुळं जातात, आणि टाकीच्या उबदार, अन्नाने भरलेल्या पाण्यात जे मंद ठरलं ते खाडीच्या पाण्यातही मंदच ठरलं असतं याची खात्री कोणी द्यायची? शेवटी जेमतेम पाव-अर्ध्या मिलिमीटरचं, डोळ्याचा काळा ठिपका आणि चाचपडायला पाय असलेलं पिल्लू जुन्या कवचांच्या ढिगावर सोडतात. ते जागा शोधतं, स्वतःला चिकटवून घेतं आणि आयुष्यभर तिथेच राहतं.

एवढ्यातून जी कोटी-दोन कोटी पिल्लं बाहेर पडतात, त्यांचे खरे आईबाप कधी कधी दोन हातांच्या बोटांवर मोजता येतात. युरोपच्या चपट्या कालवात तर आणखी अडचण. त्याची मादी अंडी पाण्यात सोडतच नाही. शुक्राणू आत ओढून घेते आणि आठ-दहा दिवस डिंभक कवचातच सांभाळते. कोणाचा कोणाशी संयोग झाला हे ठरवणं माणसाच्या हातात राहत नाही. टाकीत एक मादी प्रसवली तर त्या दिवशीची सगळी पिल्लं तिची.

मग बिघडतं काय? स्वीडनचे नील्स रायमन आणि लिंडा लायक्रे यांनी १९९१ साली एक हिशेब मांडला. नैसर्गिक समष्टीतून थोडे पालक उचलले, त्यांची हॅचरीत भरमसाट पिल्लं केली आणि ती परत त्याच समष्टीत सोडली, तर डोकी वाढतात, पण वंश चालवणाऱ्यांची परिणामकारक संख्या घटू शकते. कारण पुढच्या पिढीचा मोठा हिस्सा त्या मोजक्यांचाच असतो. मदत जितकी भरघोस, तितका धोका मोठा. आकड्यांवर डोळा ठेवून चालणाऱ्या कोणत्याही योजनेला हा हिशेब पचायला जड जातो.

कालवांच्या बाबतीत या हिशेबाला आणखी धार आहे. सोफी लोने आणि हेजकॉक यांनी २००१ साली पॅसिफिक कालवांची भावंडं-भावंडं जुळवून पाहिली. एकेका कालवाच्या पोटात निदान ८ ते १४ घातक जनुकं दडलेली असतात असा त्यांचा निष्कर्ष. एकच प्रत असेल तोवर ती गप्प असतात. आई आणि बाप दोघांकडून तीच प्रत आली की पिल्लू मरतं किंवा खुरटतं. जिथे अनोळखी जोड्या जमतात तिथे ही जनुकं क्वचितच समोरासमोर येतात. ज्या रीफवर बहुतेक सगळी एकमेकांची चुलत-मावस भावंडंच आहेत, तिथे ती पुन्हा पुन्हा येणार.

हे सगळं वाचून हॅचऱ्यांना टाळं लावा असा निष्कर्ष कोणी काढला तर तो मात्र चुकेल. मेरीलँडमधल्या हॅरिस क्रीक या चेसापीकच्या फाट्यात २०११ ते २०१५ या काळात सुमारे ३५० एकरांवर काम झालं आणि २ अब्जांहून अधिक बी सोडलं गेलं. ते आलं हॉर्न पॉइंट इथल्या, मेरीलँड विद्यापीठाच्या हॅचरीतून. हॉर्निक आणि प्लाऊ या संशोधकांनी या कामाची जनुकीय तपासणी करून २०१९ साली निष्कर्ष मांडले. एकेका खेपेत पालकांचा वाटा विषम होता आणि विविधतेला गळती लागत होती, हे अपेक्षेप्रमाणेच. पण अनेक पालक, अनेक खेपा, पालकांत सतत बदल अशी शिस्त पाळल्यावर प्रत्यक्ष रीफवरची विविधता नैसर्गिक रीफच्या तुलनेत फारशी ढासळलेली दिसली नाही. म्हणजे दोष यंत्रणेत नाही, ती चालवण्याच्या पद्धतीत असू शकतो, आणि पद्धत बदलता येते.

इथवरचं सगळं ‘किती पालक’ याबद्दल. ‘कुठले पालक’ हा दुसरा प्रश्न, आणि तो अधिक चिवट आहे. बियाणं कुठलं, हे शेतकरी पेरणीआधी विचारतो; समुद्राच्या बाबतीत मात्र दीर्घ काळ असा समज होता की पाणी सगळीकडे एकच, डिंभक आठवडे-आठवडे वाहतात, तेव्हा सगळी कालवं सारखीच. १९९० साली कॅरॉल रीब आणि जॉन एव्हिस यांनी या समजाला तडा दिला. कॅनडापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत अखंड पसरलेल्या अमेरिकी पूर्व कालवाच्या, म्हणजे चेसापीकमधल्याच जातीच्या, मायटोकाँड्रियातला डीएनए त्यांनी पाहिला, तर फ्लोरिडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर त्यात ठळक खिंडार निघालं. वरून एकच दिसणाऱ्या जातीची आखाताकडची आणि अटलांटिककडची शाखा दीर्घ काळ वेगळी नांदत होती. खुद्द चेसापीकच्या आतही अंतर वाढतं तशी कालवं जनुकीयदृष्ट्या थोडी थोडी दुरावतात, हे पुढे २००६ साली दिसलं.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ऑलिंपिया कालव तर या विषयाची प्रयोगशाळाच बनलं आहे. रुपयाएवढं हे कालव. कॅथरीन सिलिमन यांनी २०१९ साली कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियापासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या त्याच्या वस्त्यांचे सहा जनुकीय गट दाखवले. त्याआधी प्युजेट साउंड या एकाच जलाशयातल्या तीन ठिकाणची कालवं एकमेकांच्या जागी वाढवून पाहिली गेली. वातावरण तेच, पण एका ठिकाणची अधिक जगली आणि दुसऱ्या ठिकाणची लवकर प्रसवली.

यातलं सगळ्यांत बोलकं उदाहरण सॅन फ्रान्सिस्को उपसागराचं आहे. २०११च्या मार्चमध्ये पॅसिफिकवरून बाष्पाचे लांबच लांब पट्टे येऊन धडकले, प्रचंड पाऊस झाला आणि उपसागराच्या उत्तर भागात गोड्या पाण्याचा लोंढा घुसला. तिथली कालवं जवळपास साफ झाली. असे पूर अधूनमधून तिथे येतच असतात. जिलियन बायबल आणि एरिक सॅनफर्ड यांनी २०१६ साली दाखवलं की या उत्तर भागातल्या कालवांची पिल्लं, एकाच प्रयोगशाळेत वाढवूनही, मिठाचं प्रमाण घटलं तरी इतर ठिकाणच्या कालवांपेक्षा जास्त तग धरतात. म्हणजे काटकपणा पाण्याने अंगावर चढवलेला नव्हता, वंशातून आलेला होता. त्या जागी खाऱ्या तोंडाकडची कालवं आणून पेरली तर चार वर्षं छान दिसतील, आणि पाचव्या वर्षीच्या पुरात पैसा आणि कालवं दोन्ही वाहून जातील. अशा प्रयोगांमुळेच वॉशिंग्टन राज्यात ज्या जलाशयाची कालवं त्याच जलाशयाचं बी, हा नियम धरून काम चालतं.

मग डेबीसारखा परका वाण ग्रेट विकोमिकोत सोडला का? त्याचं कारण रोग. १९५७ साली डेलावेअर उपसागरात एमएसएक्स नावाच्या परजीवीने कालवं पटापट मरू लागली. दोनच वर्षांत तो चेसापीकमध्ये पोहोचला. हा कुठून आला हे कळायला पुढची चाळीस वर्षं लागली. २००० साली युजीन बरेसन आणि सहकाऱ्यांनी डीएनए जुळवून दाखवलं की तो मूळचा आशियातल्या पॅसिफिक कालवातला. तिथे यजमान आणि परजीवी यांचं निभत होतं. अटलांटिकच्या कालवाला त्याची ओळखच नव्हती. युरोपातही असंच झालं. बोनामिया हा परजीवी १९७९ साली फ्रान्समध्ये पहिल्यांदा सापडला, तो कॅलिफोर्नियातून आणलेल्या बियाबरोबर आलेला. बी हलवणं म्हणजे नुसतं जनुक हलवणं नाही, त्याच्या अंगाखांद्यावरचं सगळंच हलवणं, हा धडा दोन्ही खंडांनी फार महागात घेतला.

आणि तरीही चेसापीकमध्ये पुढे अशी कल्पना निघाली की रोगाला न जुमानणारं आशियाई सुमिनोए कालवच सरळ आणून वसवावं. वर्षानुवर्षं त्यावर अभ्यास झाले, चाचण्यांसाठी तीन गुणसूत्र-संचांची, प्रजननास निरुपयोगी कालवं वापरली गेली, आणि अखेर २००९ साली मेरीलँड, व्हर्जिनिया आणि लष्कराचा अभियंता विभाग यांनी मिळून निर्णय दिला: देशी कालवच. परत न फिरवता येणारा प्रयोग टाळला गेला, हे बरंच झालं.

दरम्यान निसर्गाने आपला वाण स्वतःच निवडायला घेतला होता. डेलावेअर उपसागरात एमएसएक्सच्या दोन मोठ्या लाटांनंतर, १९५७ची आणि १९८०च्या दशकातली, उरलेल्या नैसर्गिक कालवांत या रोगाला प्रतिकार निर्माण झाल्याचं सुझन फोर्ड आणि डेव्हिड बुशेक यांनी २०१२ साली दाखवलं. चेसापीकमध्येही त्या रोगाचा जोर ओसरल्याची चिन्हं आहेत. मग जी मोठी, जुनी कालवं रोगातून वाचली, ती बाजारात विकली जाणं हा सगळ्यांत महागडा सौदा ठरतो. प्रतिकाराचं जनुक त्यांच्याकडे आहे. राखीव क्षेत्रांची बाजू यापेक्षा भक्कमपणे क्वचितच मांडता येईल.

युरोपची कथा वेगळी वळणं घेते. तिथे चपटी कालवं शतकानुशतकं एका देशातून दुसऱ्या देशात हलवली गेली: फ्रान्समधून इंग्लंडला, इंग्लंडमधून हॉलंडला, हॉलंडमधून जर्मनीला. १७०१च्या राजसनदेवर चालणारी स्कॉटलंडच्या लॉख रायनमधली मत्स्यशेतीही या देवघेवीतून सुटली नाही. तेव्हा ‘स्थानिक’ असं काही उरलं तरी आहे का, अशी शंका रास्तच होती. उत्तर मिळालं संग्रहालयाच्या कपाटांतून. १८७०च्या दशकाच्या आसपास गोळा केलेली कोरडी कवचं तिथे पडून होती. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जर्मन संशोधकांनी त्यांतून डीएनए मिळवला आणि तेव्हाच्या युरोपचा जनुकीय नकाशा काढला. चार गट निघाले. एवढ्या हलवाहलवीनंतरही तो नकाशा आजच्याशी बराचसा जुळत होता. म्हणजे परकी कालवं आणली गेली, पण बहुतेक ठिकाणी त्यांचा वंश रुजला नाही. पण वाडन समुद्रातली, जर्मनी-डेन्मार्कच्या किनाऱ्यावरची कालवं त्या काळी स्वतंत्र कुळाची होती, आणि तिथे हे कालव आज नामशेष आहे. ज्या पाण्यासाठी बी हवं, त्या पाण्याची मूळ कुळी उरलेली नाही.

उत्तर समुद्रात आज बोर्कुमजवळ पुन्हा कालवं वसवण्याचं काम आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूट करतं आहे. स्कॉटलंडच्या डॉर्नक फर्थमध्ये शतकभराच्या खंडानंतर चपटी कालवं परत ठेवली गेली आहेत. २०१७ साली बर्लिनमध्ये अशा प्रकल्पांचा युरोपभराचा संघही उभा राहिला. त्या सगळ्यांसमोर निवड सारखीच आहे. बोनामिया जिथे पोहोचलाच नाही अशा ठिकाणचं निरोगी बी घ्यावं? ते रोगासमोर आलं तर उभंच्या उभं कोसळेल. आयर्लंडमधल्या रॉसमोरसारखं, अनेक पिढ्या रोगात निवडलेलं बी घ्यावं? मग त्याबरोबर परजीवी जाण्याची भीती, आणि निवडीत आटलेली विविधताही. २०२२ साली या कालवाचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाल्यापासून प्रतिकाराशी संबंधित जागा शोधणं सोपं झालं आहे. निवड मात्र माणसालाच करायची आहे.

एक सावधगिरीची सूचना इथेच द्यायला हवी, नाहीतर जनुकशास्त्राची तळी उचलण्याच्या भरात बाकीचं राहून जाईल. ज्या ग्रेट विकोमिकोपासून ही प्रस्तावना सुरू झाली, तिथेच २००४ साली लष्कराच्या अभियंता विभागाने सुमारे ३५ हेक्टरांवर कवचांच्या रीफ रचल्या. काही सखल, काही २५ ते ४५ सेंटिमीटर उंच. डेव्हिड शुल्टी आणि सहकाऱ्यांनी २००९ साली जाहीर केलेली मोजणी १८ कोटींच्या पुढे गेली, आणि उंच रीफवर कालवांची दाटी सखल रीफच्या कितीतरी पट होती. गाळाच्या वर डोकं निघालं, एवढंच. तळच नसेल तर उत्तमातलं उत्तम बीही चिखलात गुदमरतं. कवचांचा पाया हा पहिला खर्च आणि बी हा दुसरा. हा क्रम उलटा झालेले प्रकल्प जनुकीय सल्ल्यानेही सावरत नाहीत.

सध्याचा सगळ्यांत तापलेला वाद हवामानाचा आहे. समुद्र तापतो आहे, पूर आणि दुष्काळ दोन्ही तीव्र होत आहेत. एक पक्ष म्हणतो, स्थानिक बी हेच भूतकाळाने पारखून घेतलेलं आहे; त्याला धक्का लावू नका. दुसरा म्हणतो, काळच बदलला आहे. उद्या जे पाणी इथे येणार ते आज दक्षिणेला आहे, तेव्हा तिथली थोडी कालवं आत्ताच मिसळा. दोन्ही बाजूंनी पुरावा आहे, पण तो अजून थोड्या जातींचा आणि थोड्या खाड्यांचा. परक्या बियाचा प्रयोग करायचाच असेल तर तो वेगळ्या, लहान रीफवर, भोवतालच्या कालवांपासून शक्य तितका लांब करावा. आणि जिथे स्थानिक कालवं उरली आहेत तिथे पुष्कळ पालकांचं स्थानिक बी हाच पहिला पर्याय धरावा, असंच आज तरी म्हणावंसं वाटतं.

कोणताही पर्याय निवडला तरी एक काम करता येण्याजोगं आहे आणि त्याला पैसा फारसा लागत नाही. हॅचरीत मांडलेल्या प्रत्येक पालकाच्या मांसाचा नखाएवढा तुकडा अल्कोहोलच्या कुपीत ठेवायचा आणि कुपीवर खेपेचा क्रमांक व तारीख लिहायची. डीएनए वाचण्याचा खर्च गेल्या वीस वर्षांत झपाट्याने उतरला आहे. आज परवडली नाही ती तपासणी पाच वर्षांनी परवडेल. तुकडे ठेवले असतील तर तेव्हा रीफवरची हजारभर पिल्लं उचलून प्रत्येकाचे आईबाप शोधता येतात, कोणत्या खाडीचं बी टिकलं आणि कोणत्या खेपेचं संपलं हे सांगता येतं. ठेवले नसतील तर पाण्यात काय सोडलं होतं याची पावतीच काय ती उरते.